रात्रीच्या लाइटीचा आठवडा

उंब्रज, ९ डिसेंबर २०२४

सौ. राहीस,

मायना काय लिहावा यातच सकाळ गेली. शाळेत आमच्याकडून मायन्यांचा तक्ता घोकून घेतला होता. वडिलांना काय, गुरुजींना काय, दुकानदाराकडून पुस्तकं मागवायची तर काय. लेकीकडे राहायला गेलेल्या आणि परत यायचं नाव न काढणाऱ्या बायकोला काय लिहावं, ते त्या तक्त्यात नव्हतं.

संयोगिता, हे तू आईला मोठ्यानं वाचून दाखवशील. मोतीबिंदूमुळं तिला अक्षर लागत नाही. सावकाश वाच आणि मधे तुझं काही घालू नकोस.

राही, फोनवर तू 'बरं हाय, ठिवते' म्हणतेस आणि ठेवतेस. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी बोलत राहायचो आणि तुझे हात कामात असायचे, त्यामुळं तू ऐकतेस की नाही हे मला कधी कळलंच नाही. फोनवर मात्र लगेच कळतं. म्हणून पत्र.

खुब्याच्या ऑपरेशनला सात आठवडे झाले. चालायला काठी दिली की अजून ते चौकोनी लोखंडी स्टँडच आहे? दिवाळी तुझी मिरजेच्या दवाखान्यात गेली. इथं मीही आकाशकंदील लावला नाही. शंभूराज म्हणाला, 'काका, मी लावतू की.' मी नको म्हणालो. पुतण्या असला तरी शेत पोटच्या पोरासारखं बघतो. ऊसतोडीच्या टोळीमागं तोच पळतोय, तोड अजून आली नाही. तानुबाई कुंपणावरून दोन्ही वेळची भाकरी देते आणि भाकरीबरोबर चार शब्द सुनावते.

मला झोप येत नाही, हे तुला नवीन नाही. नवीन एवढंच की आता उठवायला कुणी नाही. चार वर्षांपूर्वी शेत सोडलं तेव्हापासून जाग आली की मी सोप्यातून माजघरात यायचो आणि तुला हलवायचो. 'अगं, चौथीच्या पुस्तकातली ती नावाड्याची कविता, तिचं तिसरं कडवं काय गं?' तू म्हणायचीस, 'मला काय इचारता? मी गेले का शाळंत?' आणि तरी उठून बसायचीस. परवा सवयीनं आत आलो. तुझी गोधडी घडी घालून ठेवलेली होती. पुन्हा बाहेर जाऊन पडलो.

तिकडं तुला गाढ झोप लागत असेल. लागू दे. कधी नव्हे ती मिळते आहे.

तुझा,
लालासाहेब


२२ डिसेंबर

राही,

उत्तर आलं नाही. तू लिहायचीस म्हणजे संयोगितानं लिहायचं, आणि तिला नोकरी आहे, घरून करायची असली तरी. समजतो.

मलकापूरला जाऊन आलो. शंभूराजनं मोटारसायकलवर नेलं. डॉक्टरीणबाई संयोगिताच्या वयाच्या, शहरात वाढलेल्या. त्यांनी विचारलं, 'आजोबा, झोप कधीपासून नाही?' मी म्हणालो, 'शेत सोडल्यापासून.' त्या म्हणाल्या, 'शेत सोडल्यावर तर झोप यायला हवी.' मग त्यांना रात्रीची लाईट समजावून सांगावी लागली. एक आठवडा शेतीपंपाची लाईट दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की दहाला येते आणि सहाला जाते, तेवढ्यात उसाला पाणी फिरवून घ्यायचं. चाळीस वर्षं हेच. आता मोटारीला ऑटो बसवलाय, लाईट आली की ती आपली आपण सुरू होते. पण माझं अंग अजून त्याच वेळापत्रकावर चालतं. रात्रीचा आठवडा आला की मी बॅटरी घेऊन बांधावर जातो आणि सरीतून पाणी चाललेलं ऐकत बसतो. काम काही नाही. लहानपणी वर्गात पाठीमागून कविता ऐकायला यायची, तसं ते पाणी ऐकू येतं.

'आणि शेत करत होता तेव्हा झोप लागायची?' बाईंनी विचारलं.

'गाढ. पाणी धरून आलो की पडल्या पडल्या.'

'मग लाईट आली की उठवायचं कोण?'

'घरातून उठवायच्या. मी एका हाकेला कधी उठलो नाही. कपाळाला थंड हात लावायला लागायचा.'

'आणि त्या कधी झोपायच्या?'

राही, मी टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो.

मग त्यांनी विचारलं की दिवसाच्या लाइटीच्या आठवड्यात काय करता. त्याचं उत्तर मी दिलं, पण ते इथं लिहीत नाही. तुला ठाऊक आहे. ते सोडायला घेतलं आहे. एकदम सोडायचं नाही म्हणाल्या. आधी अर्धं, मग पाव, त्यांना दाखवत दाखवत. संयोगिता, हे काय ते आईला विचारू नकोस.

त्यांनी एक वही करायला सांगितली. किती वाजता पडलो, अंदाजे कधी डोळा लागला, कधी उठलो. रात्री बाराच्या आत अंथरुणाला पाठ टेकायची नाही आणि पहाटे साडेपाचला उठायचंच, झोप लागो न लागो. मी म्हणालो, 'बाई, आधीच झोप नाही, त्यात वेळ कमी करता?' त्या हसून म्हणाल्या, 'भूक नसली की आपण ताट पुढं घेऊन बसत नाही. तसंच.' पडून बराच वेळ गेला तर उठून खुर्चीत बसायचं. घड्याळ भिंतीकडं तोंड करून ठेवायचं. चारनंतर चहा नाही. दुपारी झोप नाही. आणि अंथरुणात कविता नाही.

हे शेवटचं ऐकून मला वाईट वाटलं. मी म्हणालो, मनातल्या मनात म्हणतो, कुणाला त्रास नाही. त्या म्हणाल्या, 'पुढची ओळ आठवेपर्यंत तुमचं डोकं कामाला लागतं. कविता दिवसा म्हणा.'

दिवसा कुणापुढं म्हणू?

लालासाहेब


७ जानेवारी २०२५

राही,

दिवसा कुणापुढं म्हणायची, ते सापडलं. तानुबाई.

दुपारी जेवल्यावर दोन ते चार हा वेळ माझा वैरी झाला आहे. रात्री रुसून बसणारी झोप तेव्हा मानेवर येऊन बसते. पहिल्या आठवड्यात मी उभ्यानं पेंगलो, गोठ्याच्या खांबाला टेकून. तानुबाईनं कुंपणावरून बघितलं. 'आवं लालासाब, म्हस उबी ऱ्हाऊन झोपती, तुमी कशापायी? हिकडं या.' बियाण्याच्या भुईमुगाचं पोतं तिनं माझ्यापुढं ओतलं. 'फोडा शेंगा. दानं दुभागलं तर याद राखा.'

तेव्हापासून रोज तिच्या कट्ट्यावर बसतो. अंगठ्याची नखं दुखतात, पण जागा राहतो. पेंग आली की मी कविता म्हणतो. नावाड्याची म्हटली. गावाला पैलतीरी सोडून, रात्र झाल्यावर तो एकटाच अलीकडं उरतो, ती. मास्तर ती म्हणताना खिडकीबाहेर बघायचे आणि आम्हाला वाटायचं, तो नावाडी तिथंच उभा आहे. शेवटच्या कडव्याला माझा आवाज नेहमीसारखा भरून आला.

तानुबाई म्हणाली, 'मंग? नाव कुनाकडं हुती?'

'त्याच्याकडंच.'

'मंग बसून जायाचं पलीकडं. त्येला कुनी धरलं हुतं?'

साठ वर्षं ही कविता माझ्याजवळ आहे आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तू इथं असतीस तर हसली असतीस. तू आणि तानुबाई मिळून माझ्यावर हसायचात, ते मला सोप्यातून ऐकू यायचं आणि मी न ऐकल्यासारखं करायचो. आता ऐकायचं म्हटलं तर घरात फक्त फ्रिजचा आवाज आहे.

वहीत बघितलं. पहिल्या आठवड्यात दोन तास, अडीच तास, एक रात्र शून्य. या आठवड्यात सलग तीन रात्री चार तास. बाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, छान. माझ्या झोपेला छान म्हणणारं माणूस मलकापुरात आहे, हे तुला कसं वाटतं?

एक गोष्ट सांगायची होती. काल शेंगा फोडता फोडता तानुबाई म्हणाली, 'तुमी मनाला लावून घिऊ नगा. तुमी बिचारं पान्याला गेल्यालं. राहीनं मला दवाखान्यात सांगितलं न्हवं, मालक मळ्यात हुतं म्हनून. तुमाला कसं ऐकू यावं?'

मी मान हलवली. हातातली शेंग फुटेना.

लालासाहेब


१६ जानेवारी

राही,

संक्रांत झाली. तानुबाईनं तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाली. परवापासून मी तिच्या कट्ट्यावर गेलो नाही. तिनं मला बिचारा म्हटलेलं सोसत नाही.

संयोगिता, आता जे लिहितो ते तुला माहीत नाही. तुझ्या आईनं तुझ्यापासून लपवलं, आणि तिनं ते माझ्यासाठी लपवलं. तरी मोठ्यानंच वाच.

मी झोपेच्या गोळ्या घेत होतो. माझे थोरले भाऊ दादा गेले तेव्हा दहा दिवसांसाठी लिहून दिल्या होत्या. तीच चिठ्ठी दाखवून मी दोन वर्षं आणल्या. स्टीलच्या डबीत, कवितांच्या वह्यांमागं ठेवायचो. दिवसाच्या लाइटीच्या आठवड्यात घ्यायचो, रात्रीच्या आठवड्यात नाही. त्या आठवड्यात जागण्याला मान होता, शेतकरी जागतोच. घेतलेल्या रात्री मी सोप्यात ओंडक्यासारखा पडायचो आणि राहीला वाटायचं, आज मालकांना बरी झोप लागली.

दिवाळीच्या आधीचा तो आठवडा रात्रीच्या लाइटीचा होता. स्वयंपाकघरातल्या लाइटीच्या तक्त्यावर तसंच आहे, अजूनही. पण लाइनीचं काम निघालं आणि सोमवारी वायरमननं सांगितलं की या खेपेला दिवसाची मिळेल. शंभूराजनं मला रस्त्यात सांगितलं. राही, मी तुला सांगितलं नाही. त्यात डाव नव्हता. मी घरी येईपर्यंत कसल्याशा ओळी जुळवत होतो आणि ते डोक्यातून गेलं. गोळी घ्यायचं मात्र गेलं नाही.

तू एकच्या सुमाराला परसातल्या मोरीकडं गेलीस आणि पाय घसरला. तू हाक मारलीस. किती वेळा, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून तुला वाटलं, रात्रीची लाईट आहे, मालक मळ्यात गेलेत, पाणी बदलून येतील. थंडीत, मोडलेला पाय घेऊन तू साडेचार तास माझी वाट बघितलीस. मळ्याच्या वाटेकडं तोंड करून. आणि मी तुझ्यापासून वीस पावलांवर होतो.

साडेपाचला मी तांब्या घेऊन मागच्या दारातून बाहेर आलो.

तू आधी माझ्याकडं बघितलं नाहीस. तू दाराकडं बघितलंस. मी कुठून आलो ते बघितलंस. माझे पाय कोरडे होते आणि खिशातली गोळ्यांची डबी वाजत होती. त्यानंतर माझ्याकडं बघितलंस.

मिरजेला दवाखान्यात संयोगितानं विचारलं, 'आबा कुठं होते?' तू म्हणालीस, 'पान्याला.' मी तिथंच उभा होतो. खोटं तू बोललीस आणि गप्प मी राहिलो. यातलं जास्त वाईट कुठलं, ते ठरवायला मला तीन महिने लागायला नको होते. लेक आपल्याकडं राहा म्हणाली आणि तू लगेच हो म्हणालीस. मला विचारलं नाहीस. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू कारण सांगितलं असतंस.

चाळीस वर्षं मला झोप लागायची, कारण तू जागी असायचीस. तू माझ्यासाठी लाइटीची वाट बघत पडायचीस आणि मी पहिल्या हाकेला कधी उठलो नाही. तू आयुष्यात एकदा स्वतःसाठी हाक मारलीस.

परत ये असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो की आता डबीत अर्ध्या गोळ्यांचे तुकडे आहेत, पुढच्या आठवड्यात पाव होतील. बाईंना सगळं सांगितलं आहे. तुला सांगायचं राहिलं होतं.

लालासाहेब


२९ जानेवारी

राही,

काल संयोगिताचा फोन आला तेव्हा तू शेजारच्या खोलीत होतीस म्हणे. तरी लिहितो, कारण माझ्याकडून तू ऐकलेलं नाहीस.

दहा दिवस तिनं माझा फोन उचलला नाही. तिचं बरोबर आहे. त्या दहा दिवसांत वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं. पाव गोळीचे दिवस आणि त्यात हे. तीन रात्री मी खुर्चीत काढल्या. डबी समोरच्या फळीवर होती. उठायचो, पुन्हा बसायचो, पण ठरलेला पाव तुकडा सोडला तर फळीकडं गेलो नाही. यात मोठेपणा नाही. डबीकडं बघितलं की मोरीचा दगड दिसायचा.

संयोगिता म्हणाली, 'आबा, पहिलं पान वाचलं आणि माझा आवाजच गेला. आई म्हणाली, वाच की गं. मी म्हटलं, आई, यात आबांनी काय लिहिलंय तुला ठाऊक नाही. तर म्हणते, मला म्हाईत हाय. फुडं वाच.'

मग ती म्हणाली, 'तुम्ही आईला तीन महिने खोटं बोलायला लावलंत.'

मी लावलं नव्हतं, असं ओठावर आलं होतं. ते गिळलं. 'हो,' म्हणालो.

नंतर ती म्हणाली, 'आई म्हणते, तोड झाली की या. आणि ते सुटलं का, ते विचार म्हणते.'

सुटलं. शनिवारी शेवटचा पाव तुकडा घेतला. त्यानंतरच्या तीन रात्री वहीप्रमाणे तीन तास, पावणेचार, साडेतीन.

तोड शुक्रवारी आपल्या फडात शिरते आहे.

लालासाहेब


सांगली, ११ फेब्रुवारी, दुपार

राही,

हे पत्र मी तुझ्यासमोर बसून लिहितो आहे. तू झोपली आहेस. घरात वाचून दाखवायला कुणी नाही, तेव्हा उठल्यावर मीच वाचून दाखवीन.

सकाळी कऱ्हाडहून गाडीत बसलो. वाटेत ठरवत होतो की दारात काय बोलायचं. चार चांगली वाक्यं जुळवली होती. तू खुर्चीत बसून मेथी निवडत होतीस. मान वर करून म्हणालीस, 'गाडीत जागा गावली का?' मी म्हणालो, 'गावली.' माझी चारही वाक्यं गेली.

वाळली आहेस. मला वाटत होतं, इथं तुला गाढ झोप लागते आणि अंग भरलं असेल. पत्रातही तसंच लिहीत आलो. जेवताना संयोगितानं सांगितलं तेव्हा कळलं. 'आबा, ती झोपत नाही. रात्री मी उठले की डोळे उघडेच. घटकाभरानं मला हाक मारते. काय गं म्हटलं तर म्हणते, काय न्हाई, हायस का बघितलं.' तू ताटात बघत होतीस. मी भाताचा घास हातात धरून बसलो. तू दाराआड पडल्या पडल्या हाका मारल्यास त्या रात्रीपासून आपण दोघंही जागे आहोत, आणि मी माझ्या एकट्याच्या जागण्याची वही करत बसलो होतो.

जेवण झाल्यावर संयोगिता म्हणाली, तिला बँकेत जायचं आहे, पण तिनं तीन महिन्यांत तुला एकटीला सोडलेलं नाही. 'जाऊ का?' तिनं विचारलं, आणि माझ्याकडं नाही, तुझ्याकडं बघितलं. मीही तुझ्याकडं बघितलं. मळ्यात चाळीस वर्षं लाइटीची वाट बघितली, पण अशी वाट मी कशाची बघितल्याचं आठवत नाही.

तू पदरानं हात पुसलेस. मला म्हणालीस, 'तुमाला दुपारचं झोपाय बंदी हाय न्हवं?'

'आहे.'

'ती डाक्तरीन म्हनली तशी?'

'हो. शेंगा फोडून फोडून सवय झाली.'

'शेंगा न्हाईत हितं. पेंगाय लागला तर काय करणार?'

'उभा राहीन.'

तू संयोगिताला म्हणालीस, 'जा तू.' ती गेली. कडी मी लावली. तुला पलंगावर बसवायला हात दिला, तर तू आधी स्टँड धरलंस आणि मग हात. पाठ टेकलीस आणि म्हणालीस, 'मी वाईच पडते. हितंच बसा. कविता म्हनू नगा.'

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. तू बराच वेळ छताकडं बघत होतीस. मग पापण्या मिटल्यास, पुन्हा उघडल्यास, माझ्या खुर्चीकडं बघितलंस, मिटल्यास. असं चार-पाच वेळा. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी गेली. नंतर तुझा श्वास लांबला. गेल्या कित्येक वर्षांत तुला झोपलेलं मी असं बघितलं नव्हतं. झोपलेली दिसलीस की मी हलवायचोच.

तासभर झाला असेल. दोनदा माझी मान पडली. दोन्ही वेळा उठून उभा राहिलो, खिडकीपर्यंत जाऊन आलो. पाय वाजू दिले नाहीत.

मघाशी तू झोपेतच हाक मारलीस. 'आवं.'

मी म्हणालो, 'आहे.'

तू डोळे उघडले नाहीस. आता, हे लिहिता लिहिता, पुन्हा मारलीस, आधीपेक्षा हळू. तुझं 'आवं' आणि माझं 'आहे' यांच्यामध्ये या वाक्याएवढा वेळ गेला, कारण मी शब्द शोधत होतो.

इथंच थांबतो. लिहिण्यात गुंगलो तर हाक ऐकू यायची नाही.